शनिवार तेल्यांकडून शिका, पण अर्धंच!



"रविवारची वंदना म्हणजे कर्मकांड," असं आपले काही शिकलेले कार्यकर्ते छातीठोकपणे सांगतात. तेच कार्यकर्ते जयंतीची कमान किती फुटांची आणि डीजे कुठला, यावर महिनाभर बैठका घेतात. या दोन्हींना इतिहासाने उत्तर देऊन ठेवलंय.

इ.स.पू. 586 च्या सुमारास बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सर राजाने जेरुसलेम जिंकलं, यहुद्यांचं मंदिर जाळलं आणि अनेकांना बॅबिलोनला हद्दपार केलं. देऊळ गेलं, राजा गेला, भूमी गेली. धर्मही संपायला हवा होता. उलट तो घट्ट झाला. देवळातले यज्ञ बंद पडले, तेव्हा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे शब्बाथ, त्यांची ओळख बनला. आठवणी आणि नियम ग्रंथात बांधले जाऊ लागले. पुढे इ.स. 70 मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर पाडलं, तरी धर्म उभा राहिला. देवळाविना जगणं तो आधीच शिकला होता.

याचा मराठी पुरावा आपल्या कोकणात आहे. अलिबागजवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं, असं बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. हे लोक हिब्रू जवळपास विसरले, मराठी बोलू लागले, तेलाचा घाणा चालवू लागले. पण शनिवारी घाणा बंद! म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. त्यांचं पहिलं सिनॅगॉग मुंबईत उभं राहिलं ते 1796 मध्ये. शतकानुशतकं इमारत नव्हती, शनिवार होता.

आता आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरात बघा. बौद्ध लेणी अजून उभी आहेत, पण ती कोरणाऱ्यांचा धम्म या मातीतून शतकानुशतकं गायब होता. दगड टिकला, माणसं टिकली नाहीत. उपासकांसाठी वेगळा धम्मदीक्षेचा विधी नव्हता, ही गंभीर उणीव धम्माच्या ऱ्हासाचं एक कारण ठरली, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मांडलंय. म्हणूनच 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपुरात लाखो सामान्य माणसांना दीक्षा दिली. आणि आपण पुन्हा दगड-सिमेंटच मोजत बसलोय!

पण शनिवार तेल्यांकडून अर्धंच शिकायचं. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या स्त्रियांची संतती 'काळी' ठरली आणि रोटी-बेटी व्यवहार तुटला. शब्बाथ पाळला, जातही पाळली. पुढे इस्राएलला गेल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी याच समाजाच्या यहुदीपणावर शंका घेतली. लग्नं अडली. आंदोलनं करावी लागली, तेव्हा 1964 मध्ये मान्यता मिळाली. शुद्धतेची मोजपट्टी शेवटी कुणालाच सोडत नाही.

म्हणजे नुसती सवय धर्म टिकवते, माणूस बदलत नाही. त्यासाठी बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. माणसं समान आहेत असं रविवारी म्हणायचं आणि वधू-वर मेळाव्यात पोटजात विचारायची, याला धम्म म्हणत नाहीत.

तेव्हा दोनच कामं. दर रविवारी विहारात एक तास : वंदना, ग्रंथाचं एक प्रकरण आणि त्यावर पोरापोरींचे प्रश्न. आणि आपल्या घरच्या बायोडाटातून पोटजातीचा रकाना कायमचा बाद. कमान नंतर बघू.

नमो बुद्धाय! जय भीम!