आधी जवळचा धूर विझवा!

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या रहिवाशांनो,

पाऊस गेला. आता पुढच्या पावसापर्यंत आपली हवा धुऊन काढायला कोणी येणार नाही. थंडी सुरू झाली की वारा मंदावतो. सकाळी जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते. मग खालचा धूर वर जात नाही, आपल्या खिडक्यांच्या उंचीवरच साचून राहतो. ३० डिसेंबर २०२४ ला महापालिकेला बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली बांधकामं सरसकट थांबवावी लागली, इतकी तिथली हवा बिघडली होती. भायखळ्याचं एक वेळ समजू शकतं. पण बोरिवली? दाराशी नॅशनल पार्क असलेली बोरिवली? आपल्याकडे झाडं आहेत, आपल्याला काय होतंय, असं आता कोणीच म्हणू नये. म्हणून हे पत्र आज, दिवाळीच्या आधी.

तुम्हाला काळजी नाही, असं मी म्हणणार नाही. तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप काळजीनेच भरलेला असतो. नाल्याचा वास. कबुतरं. डीजे. प्लॅस्टिक. डंपिंगचा दर्प. प्रत्येक तक्रार खरी आहे. पण धावपळ करणारी माणसं प्रत्येक इमारतीत तीन-चारच असतात आणि त्यांच्याकडे एक रविवार असतो. सगळ्यालाच सारखं घाबरलं की एकही काम धड होत नाही. पगार हातात आल्यावर तुम्ही काय करता? आधी दूध, फी आणि आईची औषधं, मग बाकीचं. प्रदूषणाचंही तसंच करा. घाबरा जरूर, पण क्रम लावून घाबरा.

क्रम लावला नाही तर काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. १९८७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आपल्याच ७५ जाणकारांना बसवलं आणि ३१ प्रकारच्या धोक्यांची तुलना करायला सांगितली. निष्कर्ष संस्थेलाच झोंबणारा होता. लोक ज्याला सर्वांत घाबरत होते त्या विषारी कचऱ्याच्या जागांवर भरपूर जोर लागला होता. घराच्या आतली हवा मात्र जाणकारांच्या यादीत वर होती आणि कामाच्या यादीत खाली. आपलं काय वेगळं आहे? २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून हे शहर कडाकडा भांडलं. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचा आजार होतो, हे खोटं नाही. पण कोपऱ्यावर रोज पेटणाऱ्या कचऱ्यासाठी आपण कधी इतके भांडलो?

तेव्हा एक कागद घ्या. तुमच्या गल्लीतले सगळे धोके त्यावर लिहा. मग प्रत्येकाला चार प्रश्न विचारा. किती जणांच्या पोटात किंवा छातीत हे जातं? वर्षातले किती दिवस जातं? झालेलं नुकसान पुन्हा भरून येतं का? आणि ते थांबवणं आपल्या हातात किती आहे? वास किती येतो, बातमी किती मोठी झाली, हे प्रश्न कागदावर घेऊ नका. नाक आणि टीव्ही दोघंही फसवतात.

कसे फसवतात ते पाहा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला. सर्वांत जास्त सूक्ष्म कण कशातून निघाले? कानठळ्या बसवणाऱ्या माळेतून नाही. नागगोळीतून! जी आवाज करत नाही आणि जी आपण बिनधास्त चिमुकल्याच्या हातात देतो, ती. हवेच्या घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम. हजाराच्या माळेतून ३८,५४० आणि साध्या फुलबाजीतून १०,३९०. हे आकडे काही मिनिटांचे आहेत. आपल्याकडची ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीची आहे, म्हणून दोन्ही थेट शेजारी ठेवू नका. पण क्रम नीट बघा. मोठ्या आवाजाला आपण घाबरलो आणि गुपचूप जळणारी गोळी लेकराच्या नाकाशी धरली.

या दिवाळीत नागगोळी घरात आणू नका. फुलबाजीही नको. मुलं हट्ट करतील, करू द्या. आकाशकंदील त्यांच्याकडून करून घ्या, किल्ला बांधायला माती आणून द्या. आजोबांना दमा असेल तर तेही मुलांना सांगा. मुलं ऐकतात.

घरातच आहोत तर आणखी आत या. धूर किती निघाला यापेक्षा तो नाकापासून किती जवळ निघाला, हे महत्त्वाचं असतं. शास्त्रज्ञ किर्क स्मिथ यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीचा धूर मोजायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर तोच विषय लावून धरला. त्यांचा ढोबळ हिशोब असा, की घरात सुटलेला धूर श्वासात जाण्याची शक्यता बाहेर सुटलेल्यापेक्षा साधारण हजारपट असते. आता रात्री बाळाच्या पलंगाखाली लावलेली डासांची कॉइल आठवा. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. बाळासमोर सिगारेट ओढणाऱ्याला तुम्ही घराबाहेर काढाल. कॉइलही काढा. खिडक्यांना जाळी बसवा, मच्छरदाणी लावा. धूप घालायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवा. हे काम आज रात्री होण्यासारखं आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

आता फाटकाबाहेर बघा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या आगीची चर्चा देशभर झाली. पण तुमच्या गल्लीच्या टोकाला जी शेणीएवढी आग रोज संध्याकाळी धुमसते, तिचं छायाचित्र कोणी काढत नाही. सुका पाला, दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, तुटकं फर्निचर. उंच धुराड्यातला धूर थोडा तरी पांगतो. ही आग मात्र पायाशी असते आणि तिचा धूर सरळ पहिल्या मजल्यावरच्या पाळण्यापर्यंत जातो. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतं. त्याची फुप्फुसं अजून घडत असतात. त्या वयात राहिलेली उणीव पुढे सहसा भरून निघत नाही.

म्हणून ही आग विझवा. पण माणसावर डाफरू नका. वॉचमन शेकोटी पेटवतो, कारण त्याला थंडी वाजते. त्याला जाड स्वेटर आणि घोंगडी द्या, शेकोटीची गरजच उरणार नाही. झाडूवाली पाला जाळते, कारण तो न्यायला कोणी येत नाही. आवारात पाल्यासाठी एक खड्डा करा, वर्षात खत होईल. बेकरीवाला भट्टीत भंगाराचं लाकूड घालतो, कारण ते स्वस्त पडतं. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं होतं. तुमच्या पावाच्या दुकानात जा, नम्रपणे विचारा आणि पाव दोन रुपयांनी महागला तरी घ्या. तरीही आग दिसली तर १९१६ ला फोन करा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि ग्रुपवर टाका.

धूर पहिला, तर दुसरा धोका धुळीचा. आपल्या उपनगरात सध्या प्रत्येक तिसऱ्या गल्लीत इमारत पडते आहे किंवा उभी राहते आहे. बोरिवलीत ठाण्याकडे जाणाऱ्या जुळ्या बोगद्याचं काम. मुलुंडला गोरेगावशी जोडणाऱ्या रस्त्याचं काम. जिकडेतिकडे काँक्रीटचे रस्ते. हे सगळं आपल्यासाठीच चाललं आहे, तेव्हा ते थांबवा असं मी म्हणत नाही. झाकून करा, इतकंच म्हणा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम घालून दिले. बांधकामाभोवती २५ फुटांचे पत्रे, उंच इमारतींना ३५ फुटांचे. इमारतीला हिरवं कापड किंवा ताडपत्री. पाण्याचा फवारा. डंपरवर आच्छादन आणि बाहेर पडताना चाकं धुणं. नियम चांगले आहेत, फक्त त्यांच्यावर कोणाची तरी नजर हवी. ती नजर तुमची असू द्या. पुनर्विकासाच्या करारावर सही करताय? मग कार्पेटच्या फुटांची घासाघीस करताना याही अटी कागदावर घ्या. सहीच्या आधी तुमचं ऐकलं जातं. सहीनंतर तुम्ही फक्त तक्रारदार उरता.

तिसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. सात धरणांचं पाणी आपल्याला मिळतं आणि त्यातलं बरंचसं भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं. तिथून निघताना ते चांगलं असतं. बिघडतं वाटेत. आपल्याकडे नळाला काही तासच पाणी येतं. उरलेल्या वेळात पाइप रिकामा पडतो आणि त्याला चीर असेल तर भोवतालचं गटाराचं पाणी आत ओढतो. कोणी थेट लाइनला मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. घाटकोपरच्या डोंगरावर किंवा अंधेरीच्या जुन्या वाड्यांत गटारातूनच गेलेल्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथल्या आईला जुलाबाने मलूल झालेलं मूल म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. तुमची जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली? तिचं झाकण घट्ट बसतं का? टाकीजवळून गटार जातं का? उत्तर माहीत नसेल तर या आठवड्यात झाकण उघडून बघा. लाइनवरची मोटर काढा. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या. शंका आली तर उकळा आणि वॉर्ड ऑफिसला कळवा.

मग नाला, डास, प्लॅस्टिक, आवाज यांचं काय? ते सोडायचे नाहीत, रांगेत उभे करायचे. रांग ऋतूप्रमाणे बदलते. नोव्हेंबरात धूर पहिला असेल, तर एप्रिलमध्ये पोईसर, ओशिवरा, दहिसर, मिठी या नद्यांच्या पात्रातला कचरा पहिला आणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तुंबलेली मिठी काय करते, हे तेव्हा आपण भोगलं. रांग जागेप्रमाणेही बदलते. हायवेला लागून खिडकी असलेल्या अंधेरीकराची यादी आणि डोंगरावरच्या घाटकोपरकराची यादी सारखी नसणार. नसू द्या. दुसऱ्याची यादी उतरवून घेऊ नका, तुमची तुम्ही करा.

पण एक गोष्ट सगळ्यांच्या यादीत असू द्या. आपला धोका ढकलून दुसऱ्याच्या दारात नेऊ नका. मुलुंडचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झालं. मुलुंडकरांनी पन्नास वर्षं तो वास सोसला होता, त्यांची सुटका व्हायलाच हवी होती. पण शहराचा कचरा थांबला नाही, तो कांजूर आणि देवनारच्या वाट्याला गेला. तिथेही लेकरं आहेत. म्हणून ओला कचरा फाटकाबाहेर जाऊच देऊ नका, आवारातच जिरवा. हे जमतं का, अशी शंका आली तर घाटकोपरच्या जोशी लेनची आठवण काढा. नव्वदच्या दशकात तिथल्या रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच वेगळा करून जिरवायला घेतला आणि महापालिकेने त्यातूनच संपूर्ण मुंबईसाठी एएलएमची, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची, योजना उचलली. त्यांच्याकडे तुमच्याहून जास्त वेळ नव्हता, जास्त पैसाही नव्हता. त्यांनी एक काम निवडलं आणि ते शेवटाला नेलं.

तुम्हीही निवडा. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर बैठक बोलवा. चाळ असेल तर चौकात. वॉचमनला बोलवा, झाडूवालीला बोलवा, घरकामाच्या मावशींना बोलवा. धूर सर्वांत आधी त्यांच्या छातीत जातो आणि तो कुठून येतो हे त्यांनाच पक्कं माहीत असतं. कागद काढा. चार प्रश्न विचारा. त्यातून फक्त तीन कामं ठरवा. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव लिहा, नुसतं ‘कमिटी’ लिहू नका. नावापुढे तारीख घाला आणि तो कागद लिफ्टशेजारी चिकटवा. पंधरा दिवसांनी पुन्हा जमा आणि न झालेल्या कामाचं कारण विचारा. मत मागायला जो कोणी दारात येईल, त्यालाही तोच कागद दाखवा आणि विचारा, यातलं तुमच्याकडचं काम कोणतं?

तीन कामं, तीन नावं, तीन तारखा. पहिलं नाव तुमचंच घाला.