हुतात्म्यांना फुले वाहिली, शाळेत नाव कोण घालणार?

दरवर्षी १ जूनला आपण हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जमतो. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात ज्यांनी प्राण दिले, त्यांना फुले वाहतो, घोषणा देतो. त्याच सुमारास शाळा उघडतात. स्मारकावरून परतलेल्यांपैकी कितीजण दुसऱ्या दिवशी शहरातल्या इंग्रजी शाळेत मुलाची फी भरायला रांगेत उभे राहतात, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

मी तो केला आहे. स्वतः मराठी शाळेत शिकवत असताना मी माझ्या धाकट्या मुलाचे नाव इंग्रजी शाळेत घातले. त्यामुळे बैठकीत मराठी शाळेविषयी बोलायला उठलो की कोणीतरी हमखास विचारतो, "गुरुजी, तुमचा पोरगा कुठं शिकला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून हा लेख उपदेश समजू नये. चुकलेल्या माणसाची ही कबुली आहे.

आजवर आपला लढा सरकारी सक्तीशी होता. १९९४ च्या भाषा धोरणाने प्राथमिक वर्गांचे माध्यम सरकारने ठरवले होते. त्यावरचा वाद न्यायालयात चालला आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, मुलाने कोणत्या माध्यमातून शिकावे हे पालकच ठरवतील, सरकारला ते लादता येणार नाही. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क आधीच दिला आहे. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, मराठीतून न मिळणारी परिपत्रके ही गाऱ्हाणी खरी आहेत आणि ती मांडत राहिलीच पाहिजेत. पण मुलाचे नाव कुठल्या शाळेत घालायचे, हा निर्णय आता आपल्या घरात होतो. मराठी शाळेचा पट घसरला तर त्याचा दोष एकट्या सरकारवर टाकून चालणार नाही.

पालक मराठीचे वैरी आहेत म्हणून मुले जातात, असे मला वाटत नाही. आपल्या शाळेला दोन ठिकाणी गळती लागली आहे. पहिली गळती सुरुवातीलाच. सरकारी शाळेत पहिलीत नाव घालायचे ते सहाव्या वर्षी. इंग्रजी शाळा मूल तीन-साडेतीन वर्षांचे असतानाच उचलते. व्हॅन दारात येते, गळ्यात टाय येतो. सहाव्या वर्षी आम्ही शिक्षक पट वाढवायला घरोघर फिरतो, तेव्हा मूल केव्हाच गेलेले असते.

दुसरी गळती मधे. गावची शाळा कुठे पाचवीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. पुढे हायस्कूल दुसऱ्या गावात. एसएसएलसीच्या वर्षी जादा तास सुटायला अंधार पडतो आणि शेवटची बस गेलेली असते. मुलगा कुणाच्या तरी गाडीवर बसून येतो. मुलीला घरचे म्हणतात, पुरे झाले आता.

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलली पाहिजे. एकाच घरातला मुलगा फी भरून इंग्रजी शाळेत आणि मुलगी फुकटच्या मराठी शाळेत, असे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. म्हणजे मराठी शाळा ही मुलींची आणि गरिबांची शाळा, असा निवाडा आपणच देऊन टाकला. यात भाषेचा अपमान आहे आणि मुलीचाही.

यावर उपाय एकच दिसतो. चार-पाच गावांनी मिळून बालवाडीपासून दहावीपर्यंत सलग, मुलामुलींची एकत्र, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल अशी स्वतःची मराठी शाळा उभी करावी. भाऊ-बहीण एकाच फाटकातून आत जातील. इंग्रजी पहिलीपासून शिकवावे, आणि ते बोलता येणारा शिक्षक नेमावा. गणित-विज्ञानाचे शब्द पाचवीपासून मराठी व इंग्रजी दोन्हींत द्यावेत, म्हणजे पीयूसीला मूल बावरणार नाही. कन्नडही नीट शिकवावे. २०१५ च्या राज्य कायद्याने ते शिकवावे लागतेच, आणि शेजाऱ्याची भाषा येण्यात तोटा नाही. आपला विरोध सक्तीला होता, भाषेला नव्हे.

मात्र जिथे सरकारी मराठी शाळा चांगली चालते, तिथली मुले ओढून ती बंद पाडू नये. तिथे संस्थेने बालवाडी आणि आठवी ते दहावी एवढेच वर्ग काढून सरकारी शाळेला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा.

पैसा कुठून येणार? अनुदानावर डोळा ठेवून शाळा काढली तर ती उभीच राहणार नाही. पण लक्ष्मीयात्रेसाठी घरटी पट्टी काढणारी गावे आपलीच आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती लोकांच्या मूठमूठ धान्यावर वाढली. पट्टी काढण्याची सवय आपल्याला आहे. ती पाच वर्षांतून एकदा शाळेसाठी वापरायला कोणाची हरकत असू नये. फक्त हिशेब दरवर्षी चावडीवर वाचला जावा, आणि गटातटाच्या भांडणातून एका शाळेच्या दोन होऊ नयेत.

आणखी एक अट हवी. या शाळेच्या कमिटीवर जो बसेल, त्याच्या घरचे मूल याच शाळेत असले पाहिजे. ही अट आज असती तर मीच बाद झालो असतो.

माझी नात आता तीन वर्षांची होईल. मुलाला मी सांगितले, नाव मराठी बालवाडीत घालू. तो म्हणाला, "बाबा, आधी बालवाडी दाखवा." त्याचे काही चुकले नाही. ती दाखवणे तुमच्या-माझ्या हातात आहे, आणि पुढच्या १ जूनला अजून वेळ आहे.