फोटोपुरता गुलमोहर

शनिवारी नागावला गेलो होतो. आमच्या घराशेजारी नवीन वीकेंड बंगला झालाय आणि ओट्यापासून जेमतेम सहा फुटांवर गुलमोहराची तीन रोपं लावलीत. मालक आपल्यासारखेच, आयटीतले. म्हणाले, "तीन-चार वर्षांत मस्त सावली!"

राहवत नाही म्हणून लिहितोय. च्यायला, रोपाची उंची बघून जागा ठरवणं म्हणजे दहा युजरवर टेस्ट करून सिस्टिम लाइव्ह करणं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भराभर वाढतो, पण लाकूड ठिसूळ, आणि मुळं खोल न जाता आडवी पसरतात. उंची तीस-चाळीस फूट, पसारा कधीकधी त्याहून जास्त. त्यात आपली जमीन पुळणीची! आणि सावलीचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्चात ऊन तापायला लागलं की हा पठ्ठ्या पानं गाळून मोकळा. ती बारीक पानं जातात कौलांत आणि पन्हाळीत.

हे शहाणपण काही पुस्तकातून आलेलं नाही. नववीत असताना आजीच्या खिडकीसमोर गुलमोहर मीच लावला होता, तिला फुलं दिसावीत म्हणून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर. झाड मुळासकट उपटलं आणि कौलं-वासे घेऊन थेट तिच्या पलंगावर. आजी तेव्हा माजघरात होती. निव्वळ योगायोग.

कोणी म्हणेल, त्या दिवशी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीसुद्धा आडव्या झाल्या. झाल्याच की. पण पोफळ पडते तेव्हा एक खांब पडतो. गुलमोहर पडतो तेव्हा अख्खा मांडव पडतो.

लावायचाच असेल तर घर, विहीर, सेप्टिक टँक, विजेच्या तारा, सगळ्यांपासून चाळीस फूट तरी सोडा. पाच गुंठ्यांत बंगला बांधून झाल्यावर एवढी जागा उरते का, टेप घेऊन मोजा. ओट्याजवळ पारिजातक, तगर, अनंत काय वाईट आहेत? मोठंच झाड हवं तर लांबच्या कोपऱ्यात उंडी लावा. बारा महिने हिरवी, खारा वारा सोसणारी. वाढते मात्र सावकाश.

"तेवढा पेशन्स कुणाला आहे हो," शेजारी हसले.

रोपं अजून गुडघ्याएवढी आहेत. पहार आमच्या पडवीत आहे. पुढच्या शनिवारी मी परत जाणार आहे.