एहरामच्या चादरी कुठल्या बॅगेत?

भुकूमहून कुणी उमऱ्याला निघालं की घरात आठवडाभर बॅगांची वजनं चालतात. तिकीट मात्र एजंटनं पाठवलेलं, तसंच मोबाईलमध्ये पडून असतं. ते सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं, असं आम्ही सांगत असतो. मुंबई-दुबई-जिद्दा असेल तर छापलेली वेळ त्या त्या गावची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, जिद्दा अडीच तास. अब्बांचं घड्याळ मुंबईचंच राहिलं, तर दुबईत ‘विमान गेलं’ म्हणून जीव उगाच घाबरा होतो.

दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असतील तर बॅग सहसा थेट जिद्द्याला जाते. मुंबईतच विचारावं, बॅगेच्या चिठ्ठीवर ‘जेईडी’ अक्षरं पाहावीत. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात खरी, पण मध्येच बॅग घ्यावी लागली तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. वयस्कर माणसांसाठी आम्ही तरी ती काढणार नाही.

आता एहराम. चादरी त्या बॅगेत गेल्या तर हाती लागणार जिद्द्यात, आणि मीकात तर त्याआधी हवेतच ओलांडलेली असते. नीयत राहिली तर मीकातला परत जा, नाहीतर दम द्या. म्हणून चादरी हातातल्या पिशवीतच हव्यात. दुबईतच वुजू करून कपडे बदलावेत. विमानात त्यासाठी रांग लागते. बायकांना वेगळा पोशाख नाही, नीयत मात्र त्यांनाही तिथंच करायची.

आधी मदिनेला उतरणार असाल तर ही घाई नाही. एहराम मग मक्केकडे निघताना, जुल-हुलैफाला.