स्पीकर घ्यायला सासूबाईंनाही न्या

दिवाळीचा बोनस हाती आला की घरात होम थिएटरची चर्चा सुरू होते. मग बापलेक गांधी रोडवर जातात, दुकानात कानठळ्या बसेपर्यंत ऐकतात आणि खोका घेऊन येतात. आपल्याला कोणी विचारत नाही. वायरींवरची धूळ पुसायला मात्र आपणच!

आमच्याकडेही हेच झालं. सहा स्पीकर लागले, खिडक्यांची तावदानं थरथरली. पोट्टे खूश! पण आठवडाभरात सासूबाई आतल्या खोलीत जाऊन बसायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, “बाई, नुसतं धाडधूड आयकू येते. बोलनं काई समजत नाई.”

मला वाटलं, वय झालं. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणं कमी होतं, ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात, हे खरंच. पण चूक आमचीही होती. अशा संचात पात्रांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतं. आम्ही तो टीव्हीच्या मागे कोंबला होता आणि धमक देणारा सबवूफर पूर्ण वाढवला होता. मधला स्पीकर पुढे आणला, सबवूफर कमी केला. सासूबाई पुन्हा सोफ्यावर हजर!

म्हणून मैत्रिणींनो, ‘त्यातलं आपल्याला काय कळतं’ असं म्हणू नका. खोक्यावरच्या हजारो वॅट पीएमपीओला भुलू नका. तो क्षणभराचा, फुगवलेला आकडा. सलग किती ताकद मिळते ते सांगणारा आरएमएसचा आकडा विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला थोडे वॅट पुरतात. दुकानदार मारामारीचा सीन लावतो. त्याला म्हणा, भाऊ, बातम्या लावा. हळू आवाजातही शब्द न् शब्द कळला, तर तो स्पीकर चांगला.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. भिंतीपलीकडे कुणाची दहावी असते, कुणाचं तान्हं बाळ. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपलं साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं! पोलीस येण्याची वाट कशाला पाहायची?

टीव्ही घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायचा असतो. त्याच्या आवाजाने घरातलंच एक माणूस उठून जात असेल, तर एवढा खर्च कशासाठी? दुकानात जाताना सासूबाईंना सोबत न्या. त्यांना बोलणं समजलं, की मगच पैसे द्या.