पास्त्रामी आणि चान्या

'पास्त्रामी' हा शब्द सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तराने लिहावा, याचं काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात हा पदार्थ आमच्या सातपूरच्या गच्चीवर तयार झाला आणि तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतो आहे. ज्यांना मांसाहाराचं वाचणं नको वाटतं त्यांनी हा लेख सोडून द्यावा, राग नाही.

माझा नातू न्यू जर्सीत असतो. तिकडे कॉर्न्ड बीफ म्हणून खारवलेलं मांस पिशवीत तयार मिळतं. (इथे 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे दाणा. मिठाचे जाड दाणे लावायचे म्हणून कॉर्न्ड.) ते रात्रभर साध्या पाण्यात बुडवून जास्तीचा खारटपणा काढायचा, मसाला लावायचा, धुरावर शिजवायचं, की पास्त्रामी. इथे ती पिशवी कुठून आणणार? आणि महाराष्ट्रात २०१५ च्या मार्चपासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणून त्याने परवानाधारक दुकानातून म्हशीचं, छातीकडचं दोन किलो मांस आणलं आणि पावती जपून ठेवली. पावती जपावी लागते, यावर मी वेगळं काही लिहीत नाही. वाचकांना कळतं.

आता कृती. दोन किलो मांस, दोन लिटर पाणी, म्हणजे एकूण चार किलो. त्याच्या अडीच टक्के मीठ, म्हणजे शंभर ग्रॅम. थोडी साखर, मिरे, धणे, मोहरी, लवंग, तमालपत्र, ठेचलेला लसूण. शिवाय क्युरिंग सॉल्ट नावाचं एक मीठ, फक्त दहा ग्रॅम. त्यात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट असतं. त्याने घातक जंतू वाढत नाहीत आणि मांसाचा रंग गुलाबी राहतो. जास्त झालं तर मात्र तेच विष, तेव्हा चिमटीने नाही, काट्यावर मोजायचं. ते ओळखता यावं म्हणून त्याला गुलाबी रंग दिलेला असतो. आपल्याकडचं गुलाबी सैंधव ते हे नव्हे! आमच्या सूनबाईंनी सैंधवाची बरणी पुढे केली तेव्हा नातू जवळजवळ ओरडलाच.

आठ दिवस हे सगळं फ्रीजमध्ये, रोज एकदा उलटायचं. मग धुऊन, पुसून मसाला. मला खरी गंमत वाटली ती इथे. धणे आणि मिरे बरोबरीने, थोडी मोहरी, लसणाची पूड, जरासा गूळ. हे तर आपल्याच फडताळातलं! मात्र मिक्सरमध्ये नाही. खलबत्त्यात भरड कुटायचं, एका धण्याचे चार तुकडे व्हावेत इतकंच. बारीक पूड धुरात जळून कडू होते. मसाला दाबून लावला की रात्रभर फ्रीजमध्ये उघडंच ठेवायचं, म्हणजे वरचा थर सुकतो आणि धूर नीट धरतो.

भट्टी म्हणून एमआयडीसीतल्या भंगारवाल्याकडून पत्र्याचा ड्रम आणला होता. खाद्यतेलाचाच आहे याची खात्री करून, आत जाळ करून साफ केलेला. रसायनाचा ड्रम चुकूनही घेऊ नये. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या नाशकात फुकट मिळतात, पण त्यांच्यावर किती फवारण्या झालेल्या असतात हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. आंबा आणि पेरूचं वाळलेलं लाकूड वापरलं. ड्रममध्ये एकशेदहा ते एकशेवीस अंश उष्णता, पाच-सहा तास. मग वाफेवर आणखी दोन-तीन तास, सुई सहज आत जाईपर्यंत. त्याने मोदकपात्र मागितलं, सूनबाईंनी इडलीपात्र दिलं. शेवटी धाग्यांच्या आडवे पातळ काप.

चव उत्तम होती. पण मला आठवली ती आजी आणि तिच्या चान्या.

आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. चान्या म्हणजे मिठात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. आजी मांसाचा गोळा विळ्यावर असा फिरवत कापायची की बोटाएवढी रुंद, हातभर लांब पट्टी उलगडत यायची. मीठ-हळद चोळून त्या दोरीवर उन्हात टाकायच्या आणि आम्ही पोरं कावळे हाकायला. तीन-चार दिवसांत खडखडीत वाळल्या की मडक्यात. पावसाळ्यात, हाताला काम नसताना, त्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या किंवा डाळीत शिजवायच्या. ऊन नसेल तर चुलीवर टांगायच्या, धुरात.

मीठ, वारा, धूर. पास्त्रामीत याहून वेगळं काय आहे? 'पास्त्रामी' हा शब्द रुमानियातून आलेल्या ज्यूंनी न्यूयॉर्कला नेला, त्याचं मूळ तुर्की, अर्थ 'दाबलेलं'. तेही गरीब निर्वासितच. छातीचं मांस चिवट म्हणून स्वस्त, ते मऊ करण्याची ही युक्ती. त्यांच्या गरिबीतल्या पदार्थाला पुढे दुकान मिळालं, पाटी मिळाली. न्यूयॉर्कमधलं कॅट्झ हे दुकान १८८८ पासूनचं आहे आणि आजही चालू आहे. चान्यांना काय मिळालं? माझ्या कपाटातल्या पाककृतींच्या एकाही जाड पुस्तकात त्या नाहीत. आमची पास्त्रामी 'वा, काय सुगंध!' म्हणून चाखणाऱ्या एका सुशिक्षित स्नेह्यांना मी चान्यांबद्दल सांगितलं, तर त्यांचं नाक नकळत आक्रसलं. चवीचा प्रश्नच नव्हता तो. त्यांनी त्या पाहिलेल्याही नाहीत.

आमच्या माणसांचा आक्षेप याहून गंभीर आहे. एक जुने कार्यकर्ते मला म्हणाले, "सर, बाबासाहेबांनी सोडायला लावलं ते तुम्ही उकरून काढताय." त्यांना मी हसण्यावारी नेत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, ते योग्यच होतं. गावाची ढोरं ओढायची आणि मोबदल्यात तेच खायचं, ही गुलामी होती. आमच्या घरी ती माझ्या जन्माआधीच संपली. पण त्यानंतरही आजी बाजारातून विकत आणलेल्या मांसाच्या चान्या करत होती. गुलामी गेली तरी हातातली विद्या राहिली होती. मग वडिलांनी तेही बंद केलं, कारण दोरीवर वाळणाऱ्या पट्ट्या लांबून जात सांगत. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

आज मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात, असं माझं मत आहे. लाज होती ती सक्तीची, आणि ती सक्ती करणाऱ्यांची. मीठ किती, ऊन किती, पट्टी किती जाड म्हणजे आत कुजणार नाही, हे ज्ञान आहे आणि ते बायांनी उपाशीपोटी मिळवलेलं आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून २०१५ साली मराठवाड्यातल्या आमच्या स्वयंपाकाचं दार उघडलं. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये, १९७८ साली, भूक आलीच होती. पण भुकेची हकीकत वेगळी आणि मापासकट कृती वेगळी. आपण आत्मकथनं पुष्कळ लिहिली, काटा घेऊन बसलो नाही.

कुणी चान्या खाव्यात असं माझं म्हणणं नाही. हॉटेलात 'वारसा' म्हणून चिनी मातीच्या बशीत त्या याव्यात, असं तर मुळीच नाही. लिहून ठेवा, इतकंच.

म्हणून दिवाळीनंतर गावी आत्याकडे गेलो. काटा बरोबर नेला. दोन किलो मटण घेतलं, बोकडाचं. "मीठ किती?" विचारलं, तर म्हणाली, "हाताला कळतंय की." मग तिच्या मुठींखाली ताटली धरली. तीन मुठी, एकशेदहा ग्रॅम. हळद दोन चिमट्या. दव पडायच्या आत दोरी घरात घ्यायची, सकाळी ऊन तापल्यावरच बाहेर काढायची. पट्टी पेन्सिलीपेक्षा जाड नको, नाहीतर वरून वाळते आणि आत ओली राहते. वहीत दीड पान झालं. पावसाळ्यातल्या, चुलीवरच्या धुराचं राहिलं. ते तिला विचारायला या आषाढात जायचं आहे. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे.