भाषण नव्हे, प्रश्न

कठीण संवादापूर्वीची धास्ती पुष्कळदा मनात रचलेल्या भाषणातून वाढते. त्यात समोरच्याची उत्तरेही आपणच लिहून ठेवलेली असतात. अमरावती-अकोल्याकडच्या आम्हां वाचकांना याहून वेगळा वस्तुपाठ घरचाच आहे. शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा (१८७६-१९५६) कर्ज, दारू, पशुबळी अशा अप्रिय विषयांवर वऱ्हाडी बोलीत कीर्तन करीत. पण निकाल न सुनावता प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. बाबांना उत्तर ठाऊक असे. आपल्याला ते नसते, म्हणून ऐकणे अधिक निकडीचे. वडिलांपुढे वा मार्गदर्शकांपुढे मतभेद मांडायला जाताना भाषण पाठ करण्याऐवजी एक प्रामाणिक प्रश्न तयार करावा, असे आम्हांस वाटते. धास्ती त्याने नाहीशी होत नाही; तोंड उघडण्याइतकी मात्र ओसरते.